लेबाकचा फिर्यादी

जावा बेटाच्या पश्चिम भागात लेबाक नावाचा जिल्हा आहे. १८५६ च्या जानेवारीत एदुआर्द डाउवेस डेकर हा डच अधिकारी तेथे असिस्टंट रेसिडेंट म्हणून रुजू झाला आणि एप्रिलच्या आरंभी राजीनामा देऊन सेवामुक्तही झाला. या अल्पकाळातूनच डच भाषेतील सर्वांत गाजलेली कादंबरी निर्माण झाली.

डेकर हा ॲमस्टरडॅमच्या एका जहाजावरील कप्तानाचा मुलगा. जन्म १८२० चा. अठराव्या वर्षी बटाव्हियास येऊन तो तेथील हिशेब-तपासणीच्या कचेरीत कारकून झाला. पुढे सुमात्रात असताना त्याच्या ताब्यातील तिजोरीत तूट आढळली व तो निलंबित झाला. पैसा त्याच्या हाती कधी टिकलाच नाही. लेबाकला आलेला हा मनुष्य निष्कलंक साधुपुरुष नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे.

जावात १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत होती. रयतेने जमिनीचा व श्रमाचा काही भाग कॉफी, ऊस, नीळ यांसाठी सरकारला द्यावयाचा आणि त्या मालावर हॉलंडची तिजोरी भरावयाची! डचांचा अंमल चाले तो रीजंट म्हणविणाऱ्या स्थानिक सरदारांकरवी. लेबाकच्या रीजंटचा इतमाम मोठा आणि मुलूख दरिद्री. साहजिकच रयतेवर वेठ लादली जाई आणि तिची जनावरे मोबदल्याविना ओढून नेली जात. रेडा गेला की भातशेतीची नांगरट थांबे, आणि मग कुटुंबावर परागंदा होण्याची पाळी येई.

हे वरिष्ठांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु सारे आलबेल असल्याचे अहवाल वर पाठविण्याची रीत पडून गेली होती. डेकरने ती मोडली. २४ फेब्रुवारी १८५६ रोजी त्याने रेसिडेंट ब्रेस्ट फान केम्पेन यास पत्र लिहून रीजंटवर सत्तेच्या दुरुपयोगाचा आरोप ठेवला आणि साक्षीदारांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून चौकशी होईतो रीजंटला जिल्ह्याबाहेर ठेवावे, अशी मागणी केली. रेसिडेंटला हा उतावीळपणा वाटला. गव्हर्नर-जनरल डाउमार फान ट्विस्ट याने डेकरला ठपका देऊन त्याची बदली केली. पत्नी व लहानगा मुलगा यांचा भार असतानाही डेकरने नोकरीवर पाणी सोडले. पुढे सरकारी चौकशी झालीच. तीत जुलमाच्या तक्रारींना आधार सापडला, काही दुय्यम अंमलदार बडतर्फ झाले, रीजंटला समज देण्यात आली. तक्रार खरी ठरली, पण तक्रारदार घरी बसला तो बसलाच!

१८५९ च्या शरद ऋतूत ब्रुसेल्समधील एका स्वस्त खाणावळीच्या थंड खोलीत, जेमतेम महिनाभरात, त्याने 'मॅक्स हॅवेलार' लिहून काढली. 'मुल्तातुली', म्हणजे पुष्कळ सोसलेला, हे टोपणनाव त्याने घेतले. लेबाकची हकीकत त्याने ॲमस्टरडॅमच्या एका आत्मसंतुष्ट कॉफी-दलालाच्या घरात आणून सोडली. ज्याच्या पेढीला जावाची कॉफी हवी, पण जावाचे रडगाणे नको, असा हा गृहस्थ. कादंबरीतील सैजा या शेतकरी मुलाच्या घरचे रेडे हिरावले जातात, त्या प्रकरणाने आजही वाचक व्याकुळ होतो.

डेकर साम्राज्याचा शत्रू मात्र नव्हता. त्याला डच सत्ता न्यायी हवी होती, नष्ट नव्हे. मानाने परत मोठ्या पदावर घेतल्यास पुस्तक प्रसिद्ध न करण्याची तयारीही त्याने दाखविली होती. तो सौदा फिसकटला हे वाङ्मयाचे भाग्य, त्याच्या संसाराचे नव्हे. विपन्नावस्थेत दिवस कंठून पत्नी १८७४ मध्ये व्हेनिस येथे वारली. तो स्वतः १८८७ मध्ये जर्मनीत निवर्तला.

१८६० साली पुस्तक निघाले तेव्हा ते छापून आणणाऱ्या याकोब फान लेनेप या साहित्यिकाने गावांची नावे गाळून तेथे ठिपके घातले आणि सालेही काढून टाकली. फिर्यादीतला पुरावाच जणू पुसला गेला. हक्क परत मिळविण्यासाठी डेकर न्यायालयात गेला आणि हरला. ठिपक्यांच्या जागी गावांची नावे छापलेली आवृत्ती १८७५ मध्ये निघाली.