आधी एजंट, मग कारखानदार!

चिंचोटी नाक्यावर पाच मिनिटं उभे राहिलात, तरी एखादा लांबलचक ट्रेलर दिसतोच. वर-खाली दोन मजल्यांवर कोऱ्या गाड्या, काचांना स्टिकर, सीटला प्लास्टिक. साणंद, हंसलपूरच्या कारखान्यांतून निघालेल्या गाड्यांचा मुंबईकडे यायचा हा रस्ता. काही सरळ घोडबंदरकडे जातात, काही कामणवरून भिवंडीकडे वळतात. पुढे त्या कुठल्या तरी डीलरच्या यार्डात उभ्या राहतात. मग आपण घरच्यांना घेऊन शोरूममध्ये जातो, एक्स-शोरूम किंमत ऐकून खूश होतो आणि ऑन-रोड किंमत ऐकून गप्प बसतो.

मग प्रश्न पडतो. कारखान्यातून थेट आपल्या दारात गाडी आली तर? मधला माणूस हवाच कशाला?

हा प्रश्न आता नुसता कट्ट्यावरचा राहिलेला नाही. चाकणला गाड्या बनवणाऱ्या मर्सिडीज-बेंझने 2021 मध्ये भारतात विक्रीची पद्धतच बदलली. गाडीची मालकी कंपनीकडे, बिल कंपनीचं, देशभर किंमत एक आणि डीलरला कमिशन. टेस्लाने 2025 च्या जुलैत वांद्रे-कुर्ला संकुलात स्वतःचं दालन उघडलं, तिथे तर डीलर नाहीच. ओलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरही सुरुवातीला कंपनीच थेट विकत होती.

पण या खेळाच्या दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला एक मराठी माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला. आधी त्याने दुसऱ्याने बनवलेलं वाहन विकलं. मग स्वतः यंत्र बनवलं आणि ते विकताना त्याला घाम फुटला. त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत जीव रमत नव्हता, हात मात्र सारखे काहीतरी करायला शिवशिवत. दोनच गोष्टी आवडत, चित्रं आणि यंत्रं. वडिलांचा फारसा उत्साह नसताना 1885 मध्ये ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. चित्रकार व्हायला आलेल्या पोरासाठी याहून वाईट बातमी कोणती?

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडल्या नाहीत. यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. म्हणजे आजचं व्हीजेटीआय. तेव्हा ते माटुंग्याला नव्हतं, भायखळ्याला होतं. शिकवता शिकवता तिथल्या वर्कशॉपमध्ये ते स्वतःही यंत्रं शिकत राहिले.

पहिली डीलरशिप

मुंबईत तेव्हा सायकल ही नवलाई होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, विकत घेतली, चालवायला शिकले. मग डोक्यात आलं की बेळगावात ही विकता येईल. 1888 मध्ये धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवायचे आणि मोठे भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे. दुकानाला नाव दिलं किर्लोस्कर ब्रदर्स. ज्या रस्त्यावर हे दुकान होतं, त्याला बेळगावात आजही किर्लोस्कर रोड म्हणतात.

ही सरळसरळ डीलरशिप होती. माल परदेशी कारखान्याचा, विक्री आपली, मधला नफा आपला. पण गिऱ्हाइकाने सायकल घेतली तरी ती चालवायची कशी? किर्लोस्कर बंधू सायकल विकायचे तसंच चालवायलाही शिकवायचे आणि बिघडली तर दुरुस्त करून द्यायचे. सायकल बनवणारा कारखानदार साता समुद्रापार. चेन तुटली तर त्याच्या दारात जाणार कोण? गिऱ्हाइकाच्या लेखी कंपनी म्हणजे बेळगावातलं हे दुकान!

म्हणजे मधला माणूस फुकटचा नफा खात नव्हता. जे काम कारखानदार दुरून करू शकत नव्हता, ते तो जवळून करत होता.

1897 मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली होती. सामान उचललं आणि थेट बेळगाव गाठलं.

एजंट बाजू बदलतो

सायकलीचं दुकान चालू होतं, पण दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचं मन भरेना. आजूबाजूला सगळी शेती आणि शेतकऱ्याकडे अवजारं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर.

आता ते एजंट राहिले नव्हते, कारखानदार झाले होते. मध्ये कोणी नाही, थेट शेतकऱ्याला विक्री. आजच्या भाषेत डायरेक्ट-टू-कस्टमर. मग धडाधड खप व्हायला हवा ना?

झालं उलटंच. नांगर पडून राहिले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याकडे नवीन मॉडेलची पहिल्या महिन्यातली बुकिंग कमी पडली की ते फ्लॉप ठरवून मोकळे होतात.

शेतकऱ्याला हसणं सोपं आहे, पण त्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावातला सुतार करून देतो. मोडला तर तोच दुरुस्त करतो आणि त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे असतं. हा लोखंडी नांगर एका ओळख ना पाळख माणसाने बनवलेला. पेरणीच्या तोंडावर फाळ मोडला तर जायचं कुठे? एक हंगाम हुकला की वर्षाची कमाई गेली. सायकलवाल्या लक्ष्मणरावांकडे गिऱ्हाईक विश्वासाने येत होतं, कारण दुकान जवळ होतं. नांगरवाल्या लक्ष्मणरावांना तो विश्वास गावोगाव नव्याने कमवायचा होता. मधला माणूस काढून टाकला, तरी त्याचं काम शिल्लकच राहिलं होतं आणि ते आता कारखानदाराच्या अंगावर आलं होतं.

माळरानावरची वाडी

नांगर जरा रुळतो न रुळतो तोच बेळगावातल्या कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. नगरपालिकेला तिथे नवी वस्ती करायची होती. अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ! 1910 मध्ये लक्ष्मणराव मोजक्या माणसांसह तिथे राहायला गेले. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

या माणसांची निवड भन्नाट होती. अनंतराव फळणीकर यांचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, पण यंत्रांत डोकं चालणारं. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले. त्यांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणदारीवर ठेवलं. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा नियम होता, तोही त्या काळात.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

गिऱ्हाइकाशी थेट गप्पा

1920 मध्ये दोन गोष्टी झाल्या. किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली आणि 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. आज आपण 'किर्लोस्कर' मासिकाचं नाव साहित्याच्या इतिहासात वाचतो, पण त्याची सुरुवात झाली ती कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवायला. दूरच्या गावातल्या माणसाला कारखाना आपला वाटावा, हा त्यामागचा विचार. आज कंपन्या ॲप आणि नोटिफिकेशनमधून जे करू बघतात, ते इथे छापील पानांवर होत होतं.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं आणि पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून परतला आणि धंद्याचा पसारा पुणे, बंगळूरपर्यंत गेला. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

मग आपण गाडी कुठून घ्यायची?

डीलर गाडी कंपनीकडून विकत घेतो, बऱ्याचदा बँकेच्या कर्जावर. यार्डात उभ्या गाडीचं व्याज रोज चढत असतं, म्हणूनच वर्षअखेरीला सूट मिळते. घासाघीस करता येते, कारण ती सूट बऱ्याचदा त्याच्या नफ्यातून येते. पण त्याच नफ्यापायी हँडलिंग चार्जेस आणि तिथलाच विमा घेण्याचा आग्रहही होतो. कंपनीकडून थेट घेतली तर किंमत सगळ्यांना सारखी. घासाघीस नाही आणि आपण फसलो की काय, ही धाकधूकही नाही. मात्र सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि तक्रार ऐकायला समोर माणूस आहे की नुसता हेल्पलाइन नंबर, हे आधीच बघावं लागतं.

म्हणून पहिली गाडी किंवा बाइक बुक करताना दोन प्रश्न विचाराच. माझ्या पैशातले किती मधल्या माणसाला जातात? आणि भर पावसात गाडी चिंचोटीच्या चढावर बंद पडली, तर येणार कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहिलेलं नसतं, म्हणून ते विचारावंच लागतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला लक्ष्मणरावांना अख्खी वाडी उभी करावी लागली होती.