झिजलेला दात आणि लुईसचे डॉक्टर

डायनोसॉर हा शब्दही रूढ नव्हता, त्या काळात केवळ काही झिजलेल्या दातांवरून एका अजस्र शाकाहारी सरीसृपाचे अस्तित्व ओळखणारे गिडियन मँटेल हे व्यवसायाने डॉक्टर होते. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील लुईस या गावी ३ फेब्रुवारी १७९० रोजी जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. दिवसा रुग्णसेवा आणि उरलेल्या वेळात जीवाश्मांचा अभ्यास, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या १८२२ च्या ग्रंथातील चित्रे पत्नी मेरी अ‍ॅन यांनी कोरली होती.

ककफील्डजवळच्या खाणीच्या परिसरातून मिळालेले काही दात त्यांना अस्वस्थ करीत होते. हे दात प्रथम मेरी अ‍ॅन यांना रस्त्याच्या कडेला सापडले, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. दात घासून सपाट झाले होते, म्हणजे तो प्राणी वनस्पती चावून खात असे. पण सरीसृप असे चर्वण करीत नाहीत, हीच तेव्हाची समजूत होती. आणि इतक्या प्राचीन खडकांत मोठा सस्तन प्राणी असणे मँटेल यांना पटत नव्हते. १८२३ मध्ये पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हिए यांनी तो दात गेंड्याचा ठरवला. लंडनच्या विद्वानांनीही फारसे महत्त्व दिले नाही.

मँटेल मागे हटले नाहीत. १८२४ मध्ये आणखी दात पाहून क्यूव्हिए यांनी आपली चूक मान्य केली. त्याच वर्षी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात सॅम्युअल स्टचबरी यांनी त्यांना इग्वाना सरड्याचा सांगाडा दाखवला. दातांची घडण तशीच, आकार मात्र कितीतरी लहान! १८२५ मध्ये 'इग्वानोडॉन' जगापुढे आला आणि मँटेल रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या कीर्तीची किंमत मोठी होती. ब्रायटनला नेलेला व्यवसाय बसला, घराचे संग्रहालय झाले. १८३८ मध्ये सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला; पुढच्या वर्षी पत्नी सोडून गेल्या. १८४१ च्या घोडागाडीच्या अपघाताने पाठीचा कणा कायमचा दुखावला. १० नोव्हेंबर १८५२ रोजी वेदनाशामक म्हणून घेतलेल्या अफूच्या अतिमात्रेने त्यांचा अंत झाला.

ज्या संग्रहालयात त्यांना त्या दाताचे उत्तर मिळाले होते, तिथेच मृत्यूनंतर त्यांचा वाकलेला कणा अभ्यासासाठी ठेवण्यात आला.