कार्ल फर्डिनांड ब्राऊन : वीज डोळ्यांना दाखवणारे शिक्षक



सीताबर्डीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, पडद्यावर हलणारी हिरवी रेघ तुम्ही कधी पाहिली का? ते यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. ते ज्यांच्या नळीवरून आलं, ते ब्राऊन आपल्यासारखेच शाळेत शिकवायचे.

त्यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा येथे झाला. १८७४ मध्ये ते लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेत शिक्षक झाले. मुलांसाठी त्यांनी गणित-विज्ञानाचं पुस्तकही लिहिलं. पुढे १८९७ मध्ये स्ट्रासबुर्गला त्यांनी कॅथोड किरण नळी तयार केली. वीज बदलली की नळीतला प्रकाशाचा ठिपका सरकायचा. न दिसणारी वीज अशी दिसू लागली. या नळीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही.

आता पडदा वाचू या. खालून वर व्होल्ट मोजायचे, डावीकडून उजवीकडे वेळ. समजा, एक लाट ४ चौकोनांत बसली आणि प्रत्येक चौकोन ५ मिलिसेकंदांचा आहे. मग एका लाटेला २० मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाला ५० लाटा. आपल्या घरची वीज अशीच असते! (यंत्र थेट प्लगला मात्र कधीच जोडू नका.)

बिनतारी संदेशाच्या कामासाठी १९०९ मध्ये मार्कोनींसोबत त्यांना नोबेल मिळालं. १९१४ च्या अखेरीस पेटंटच्या एका खटल्यासाठी ते अमेरिकेला गेले. महायुद्धामुळे परतता आलं नाही. २० एप्रिल १९१८ रोजी ब्रुकलिनमध्ये, घरापासून दूर, त्यांचं निधन झालं.

आलेखाचा पाठ घेताना मुलांना ब्राऊन सरांची ही गोष्ट नक्की सांगा.