हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवणारा डॉक्टर

अँजिओग्राफी हा शब्द आता घराघरांत पोचलाय. पण ही तपासणी चक्क एका चुकीतून सुरू झाली! ज्यांच्यामुळे ती सुरू झाली, ते डॉ. मेसन सोन्स.

सोन्स यांचा जन्म १९१८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील नॉक्सापेटर या छोट्या गावी झाला. १९४३ मध्ये डॉक्टर झाले आणि १९५० मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुजू झाले. त्या काळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या जिवंत माणसात नीट दिसत नसत. त्यांत थेट डाय सोडला तर रुग्ण दगावेल, अशी सगळ्यांना भीती होती.

३० ऑक्टोबर १९५८. २६ वर्षांच्या एका रुग्णाच्या महाधमनीत डाय सोडायचा होता. सोन्स टेबलाखालच्या खड्ड्यात बसून एक्स-रेचं चित्र पाहत होते. कॅथेटरचं टोक नकळत उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं आणि डाय थेट तिथंच गेला! हृदय थांबलं. सोन्स धडपडत वर आले. रुग्ण अजून शुद्धीत होता, म्हणून त्याला जोरात खोकायला लावलं. खोकल्याच्या दाबानं डाय पुढे सरकला आणि ठोके परत सुरू झाले.

दुसरा कुणी सुटकेचा नि:श्वास टाकून गप्प बसला असता. सोन्सनी मात्र विचार केला, की एवढा डाय सोसला जातो, तर थोडासा मुद्दाम का सोडू नये? त्यांनी खास कॅथेटर बनवला, सिने कॅमेरा जोडला आणि १९६२ पर्यंत पद्धत जगापुढे मांडली. १९६७ मध्ये त्याच हॉस्पिटलात फावालोरोंनी बायपास केली, तर १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंटझिगनी अँजिओप्लास्टी. दोन्हींना आधी चित्र हवंच होतं. सोन्स भयंकर सिगारेटी ओढत. १९८५ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनं ते गेले.

आता आपल्या विषयाकडे येऊ. अँजिओग्राफीत धमनी किती अरुंद झाली ते दिसतं, रक्त किती कमी जातंय ते नाही. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाऊणपट घटतं, आणि त्यात अडथळ्याची लांबीही आली. नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबलं तर नको तिथं स्टेंट बसेल, किंवा हवा तिथं राहून जाईल. म्हणून पुढे धमनीत प्रेशर वायर घालू लागले. औषधानं प्रवाह जास्तीत जास्त वाढवायचा, मग अडथळ्यापलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब. याला एफएफआर म्हणतात. उत्तर ०.८० किंवा कमी आलं तर रक्तपुरवठा खरोखर तुटतोय असं धरतात. आता तर सीटी स्कॅनवरून, वायर न घालता, सीएफडीनं हा आकडा काढता येतो. हो, तीच आपली फ्लुइड मेकॅनिक्स!

आपल्या कामोठ्यात मेडिकल आणि इंजिनीअरिंग, दोन्ही कॉलेजं आहेत. सोन्सनी चित्र दिलं; ते मोजायचं काम मात्र आपल्यासारख्यांचं आहे. तेव्हा केटीच्या भीतीनं बर्नोली पाठ करताना एवढं लक्षात ठेवा, की त्या समीकरणावर कुणाचं तरी ऑपरेशन ठरणार आहे.