फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन : खेड्यांचे ऋणमोचक

आमच्या पुष्कळ खेड्यांत सहकारी सोसायटी आहे. पेरणीच्या दिवसांत तिच्या दारी जाणाऱ्या बंधूंपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल की, या संस्थेच्या मुळाशी जर्मनी देशातील एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती गृहस्थाचे परिश्रम आहेत. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशातील हाम गावी झाला. घरी नऊ भावंडे, स्थिती बेताची. म्हणून मोठ्या विद्यालयाचे शिक्षण त्यांस लाभले नाही. गावच्या पाळकांनी त्यांस शिकविले. पुढे ते लष्करात शिरले, परंतु नेत्ररोगामुळे १८४३ साली ती नोकरी सोडावी लागली. १८४५ साली वायरबुश व भोवतालच्या खेड्यांचे मुख्य कारभारी म्हणून त्यांची नेमणूक झाली.

लवकरच परीक्षेची वेळ आली. १८४६ साली पीक बुडाले आणि हिवाळ्यात लोकांची उपासमार होऊ लागली. सरकारने पीठ धाडिले, पण रोख पैसे घेऊनच ते द्यावे अशी अट घातली. ज्यांच्याजवळ कवडी नाही त्यांनी रोख कोठून आणावी? रायफायझन यांनी ती अट बाजूस ठेवून पीठ उधारीवर वाटिले. मग सधन लोकांकडून पैसा जमवून धान्य विकत घेतले, सार्वजनिक भट्टी बांधिली आणि स्वस्त भाकर पुरविली. शाळा व रस्ते यांकडेही त्यांनी लक्ष दिले.

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे शेतकऱ्याची गाय सावकाराची आणि तिच्या दुधाचा पैसाही सावकाराचा, अशी दशा होती. १८४९ साली त्यांनी मंडळी स्थापून शेतकऱ्यांस गुरे घेऊन दिली व किंमत हप्त्यांनी फेडण्याची सवड दिली. १८५४ साली हेडेसडोर्फ येथेही त्यांनी अशीच परोपकारी संस्था काढिली.

परंतु या संस्था श्रीमंतांच्या औदार्यावर उभ्या होत्या आणि कालांतराने ते औदार्य आटले. गरिबांस साह्य करणे हे श्रीमंतांचे ख्रिस्ती कर्तव्य होय, हे मत सोडणे रायफायझन यांस जड गेले. तरी १८६४ साली त्यांनी हेडेसडोर्फ येथील संस्था नव्या पायावर रचिली. कर्ज घेणाऱ्यानेच सभासद व्हावे. संस्थेच्या कर्जाची जबाबदारी सर्वांनी आपल्या मालमत्तेनिशी घ्यावी. संस्थेचे क्षेत्र लहान असावे, म्हणजे सर्वांस एकमेकांची चालचलणूक ठाऊक राहील. पंचांनी वेतन घेऊ नये. नफा वाटून न घेता सामाईक निधीत ठेवावा. एकट्या गरिबाची पत नव्हती, ती सर्वांच्या एकजुटीने निर्माण झाली.

या काळात त्यांच्यावर दुःखेही आली. १८६३ साली पत्नी वारली. प्रकृती ढासळल्यामुळे १८६५ साली नोकरी सुटली. दृष्टी मंदावत गेली. वडील कन्या अमाली वाचन व लेखन करून त्यांचा हात बनली. १८६६ साली त्यांनी पतसंस्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो मार्ग दूरवर पसरला. ११ मार्च १८८८ रोजी त्यांस देवाज्ञा झाली.

आमच्या दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सुपे येथे व इतरत्र सावकारांविरुद्ध दंगे केले, दस्तऐवज जाळिले. तरी कर्ज सुटले नाही. १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हा खेड्यांतील पेढ्यांसाठी रायफायझन यांचाच नमुना घेतला गेला. पुढे नियम पुष्कळ बदलले. परंतु विश्वासावाचून अशी संस्था चालत नाही, हे मर्म बदललेले नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील शिकवण रायफायझन यांनी हिशेबाच्या वहीत उतरविली. तेव्हा प्रिय बंधुभगिनींनो, बियाण्यासाठी घेतलेले कर्ज लग्नाच्या जेवणावळीत घालविणे, किंवा हप्ता चुकवून शेजाऱ्यावर भार टाकणे, ही केवळ व्यवहारातील चूक नव्हे. ते प्रीतीच्या आज्ञेचे उल्लंघन होय. उपदेशक बंधूंनी प्रार्थनेइतकीच चोख हिशेबाची शिकवण मंडळीस द्यावी. ज्या मंडळीचा शब्द गावात खरा ठरतो, तिची सुवार्ताही गाव कान देऊन ऐकते.