बॅ. शेषराव वानखेडे : मुंबईच्या क्रिकेटला हक्काचे घर देणारा वैदर्भीय

आपल्या शहरात मोठा संघ खेळावा, मोठे सामने व्हावेत आणि ते पाहण्यासाठी सामान्य माणसाला तिकीट मिळावे, ही जगभरच्या क्रीडारसिकांची जुनी मागणी आहे. अनेक देशांत फुटबॉलचे चाहते आपल्या गावाला व्यावसायिक संघ मिळावा म्हणून सह्यांच्या मोहिमा काढतात, नगरपालिकेचे उंबरठे झिजवतात. महाराष्ट्रात या मागणीचा सर्वांत गाजलेला लढा फुटबॉलसाठी झाला नाही. तो क्रिकेटच्या मैदानासाठी झाला, आणि त्याचे नेतृत्व मुंबईकराने नव्हे तर नागपूरच्या एका बॅरिस्टराने केले. बॅ. शेषराव कृष्णराव वानखेडे हे त्यांचे नाव. आज ते कोट्यवधी लोकांच्या ओठांवर असते. पण नावामागचा माणूस मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे.

शेषरावांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ रोजी नागपूरचा. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. बॅरिस्टर होऊन काँग्रेसच्या राजकारणात आलेल्या शेषरावांनी आपल्या हयातीत या प्रदेशाचे नकाशे बदलताना पाहिले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. नागपूरचे राजधानीपद गेले आणि विदर्भातील नेत्यांच्या कर्तृत्वाचे क्षेत्र मुंबईकडे सरकले. शेषराव त्यांपैकी एक. नव्या राज्याच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थमंत्री म्हणून काम केले. पुढे १९७२ ते १९७७ या काळात ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते.

राजकारणाच्या जोडीनेच त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. साठच्या दशकात बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि ती आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मुंबईच्या क्रिकेटचा तो वैभवकाळ होता. १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग पंधरा हंगाम मुंबईने रणजी करंडक जिंकला. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि शिवाजी पार्क येथील खेळपट्ट्यांवर खेळाडूंच्या पिढ्या घडत होत्या. भर पावसात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये कारकून, गिरणी कामगार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच संघातून खेळत. पण देशातील या सर्वांत बलाढ्य संघटनेच्या मालकीचे स्वतःचे स्टेडियम नव्हते. विजेता संघ भाडेकरू होता!

मालक होता क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम उभारले आणि डिसेंबर १९३७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. देशातील ते पहिले कायमस्वरूपी क्रिकेट स्टेडियम. पंचरंगी सामन्यांची गर्दी याच मैदानाने पाहिली आणि १९४८ पासून मुंबईतील कसोटी सामनेही येथेच होऊ लागले. क्लबची बाजू साधी होती. स्टेडियम क्लबचे, त्याची देखभाल क्लबची, त्यामुळे त्याच्या सभासदांचा जागेवर पहिला हक्क. असोसिएशनची बाजूही तितकीच सरळ होती. खेळाडू घडवणारे क्लब असोसिएशनशी संलग्न, सामना असोसिएशनच्या नावे, आणि तरीही या क्लबांच्या वाट्याला येणारी तिकिटे अपुरी.

१९७१ नंतर हा वाद विकोपाला गेला. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांना त्यांच्याच भूमीवर हरवले होते. क्रिकेटचे वेड घराघरांत पोहोचले होते आणि कसोटीच्या तिकिटाला सोन्याचे मोल आले होते. फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर झाली. फरोख इंजिनिअर आणि गुंडाप्पा विश्वनाथ यांनी त्या सामन्यात शतके झळकावली. त्यानंतर या मैदानावर पुढची कसोटी व्हायला डिसेंबर २००९ उजाडावा लागला.

ठिणगी कशी पडली, याची एक हकीकत मुंबईच्या क्रिकेटवर्तुळात वर्षानुवर्षे सांगितली जाते. आमदारांच्या एका सामन्यासाठी ब्रेबॉर्न मिळावे, या विनंतीसह शेषराव क्लबकडे गेले. क्लबच्या अध्यक्षपदी होते विजय मर्चंट, भारताचे थोर फलंदाज आणि तितकेच करारी प्रशासक. बोलणी फिसकटली आणि असोसिएशन स्वतःचे स्टेडियम बांधील, असा निर्धार करूनच शेषराव बाहेर पडले. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी प्रारंभी सरकारी तिजोरीकडे बोट दाखवले, असेही सांगितले जाते. १९७२च्या दुष्काळाने होरपळलेल्या राज्यात क्रीडांगणावर सरकारी पैसा खर्च करणे कोणालाही सोपे नव्हते. तेव्हा पैसा क्रिकेटनेच उभा करायचा, असे ठरले.

जागा होती चर्चगेट स्थानकाला लागून, पश्चिम रेल्वेचे रूळ आणि मरीन ड्राइव्ह यांच्यामध्ये. ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरही अंतर नाही. आराखड्याचे काम शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाकडे सोपवण्यात आले. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला वस्ती, जागा चिंचोळी आणि वेळ त्याहून कमी. वेस्ट इंडिजचा संघ १९७४-७५ च्या हंगामात येणार होता आणि मालिकेतील अखेरची कसोटी नव्या मैदानावर खेळवायची, असा शेषरावांचा आग्रह होता. उद्योगपतींनी हातभार लावला. गरवारे पॅव्हेलियनचे नाव त्याची साक्ष देते. सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. सरकारी कामांच्या गतीची सवय असलेल्या शहराला हा चमत्कारच वाटला.

जानेवारी १९७५ मध्ये मालिका २-२ अशी बरोबरीत असताना येथे पहिली कसोटी सुरू झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या आणि वेस्ट इंडिजने ६ बाद ६०४ वर डाव घोषित केला. लॉइडचे द्विशतक झाल्यावर एक चाहता आनंदाच्या भरात मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केल्याचे पाहून प्रेक्षक खवळले, जाळपोळ झाली आणि त्या दिवशी चहापानानंतरचा खेळ होऊ शकला नाही. भारताच्या वतीने पहिले शतक झळकावण्याचा मान एकनाथ सोलकरला मिळाला. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा, मैदानाशेजारच्या झोपडीत वाढलेला. कसोटीतील त्याचे हे एकमेव शतक. सामना भारताने २०१ धावांनी गमावला आणि मालिकाही. मन्सूर अली खान पतौडींची ती अखेरची कसोटी ठरली. पराभवाने आणि दंगलीने सुरू झालेले मैदान टिकेल का, अशी शंका घेणारे तेव्हा होतेच. नोव्हेंबर १९७६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारताने येथे पहिला कसोटी विजय मिळवला.

शेषरावांवर टीका झाली नाही असे नाही. विधानसभेचा अध्यक्ष आणि क्रीडासंघटनेचा अध्यक्ष एकच असणे कितपत योग्य, हा प्रश्न रास्त होता. सत्तेच्या वजनाशिवाय चर्चगेटजवळ इतक्या वेगाने स्टेडियम उभे राहिले नसते, हे उघड आहे. हाकेच्या अंतरावर दोन स्टेडियमे आणि उर्वरित महाराष्ट्रात मैदानांची वानवा, ही तक्रारही खोटी नव्हती. शेषरावांच्या जन्मगावी, नागपुरात, १९६९ मध्ये कसोटी झाली होती. मराठवाड्याच्या वाट्याला मात्र कसोटी सामना आजवर आलेला नाही. राजकारणी आणि क्रीडासंघटना यांच्या ज्या नात्याची चर्चा पुढे देशभर झाली, त्याचे एक ठळक उदाहरण वानखेडे स्टेडियमच्या जन्मकथेत आहे. मात्र सत्तेतून उभे राहिलेले हे स्टेडियम शेषरावांच्या घराण्याचे झाले नाही. ते असोसिएशनचे, म्हणजेच मैदानावरच्या क्लबांचे राहिले.

१९८० ते १९८२ या काळात शेषराव भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी विश्वचषकाचा उपांत्य सामना वानखेडेवर झाला आणि ग्रॅहम गूचच्या शतकामुळे इंग्लंडने भारताला ३५ धावांनी हरवले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी १९८८ रोजी शेषरावांचे निधन झाले. २ एप्रिल २०११ ची विश्वविजयाची रात्र आणि नोव्हेंबर २०१३ मधील सचिन तेंडुलकरचा निरोप पाहायला ते नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये स्टेडियमची पन्नाशी साजरी झाली. ज्या मर्चंटांशी झालेल्या वादातून ते उभे राहिले, त्यांच्याच नावाचा एक स्टँड तेथे आहे. मुंबईच्या क्रिकेटने भांडण मिटवण्याची ही रीत फार सुंदर म्हटली पाहिजे.

या चरित्राचा धडा केवळ क्रिकेटपुरता नाही. पुण्याला २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगचा फुटबॉल संघ मिळाला, चाहतेही जमले. पण २०१९ मध्ये मालकांनी संघ बंद केला आणि ती जागा हैदराबादकडे गेली. मालकाने आणलेला संघ मालकाबरोबर जातो. वर्षभर खेळणारे क्लब, त्यांची संघटना आणि त्या संघटनेच्या हक्काचे मैदान असेल, तर शहराला सहसा कोणी वाऱ्यावर सोडू शकत नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या वाढत्या शहरातील रसिकांनी मोठ्या संघाची आस जरूर धरावी. मात्र मागणीचा क्रम शेषरावांकडून शिकावा. त्यांच्या मागे पावसाळी लीग खेळणारे क्लब होते, म्हणूनच त्यांच्या निर्धाराला वजन आले. आधी खेळणारे हवेत, मग मैदान. संघ त्यानंतर येतो आणि टिकतोही.