हेन्री फोर्ड: ज्याला ‘नाही’ म्हणणारं कोणी उरलं नाही

तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम बहुतेक असणारच. दोन्ही मेटाचे. मेटाचे शेअर जगभरातल्या असंख्य लोकांकडे आहेत, पण अर्ध्याहून जास्त मतं एकट्या मार्क झुकेरबर्गच्या हातात आहेत. कारण त्याच्याकडच्या खास शेअरला प्रत्येकी १० मतं मिळतात. उद्या संचालक मंडळ, म्हणजे बोर्ड, त्याच्या विरोधात गेलं, तरी बोर्डच बदलायची ताकद त्याच्याकडे आहे.

हे चांगलं की वाईट? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जाऊया.

दोनदा हातातून गेलेली कंपनी

हेन्री फोर्डचा जन्म १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, शेतकरी घरात. शेतीपेक्षा त्याला यंत्रांचं वेड. डेट्रॉइटमध्ये एडिसनच्या वीज कंपनीत इंजिनिअर असताना, १८९६ मध्ये, त्याने घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी बनवली.

१८९९ मध्ये गुंतवणूकदारांच्या पैशावर पहिली कंपनी सुरू झाली आणि दीडेक वर्षात गुंडाळली गेली. १९०१ मध्ये दुसरी आली. तिच्या नावातच हेन्री फोर्ड होतं. पण गुंतवणूकदारांना विकता येईल अशी गाडी हवी होती आणि याचं लक्ष रेसिंग कारमध्ये. त्यांनी हेन्री लेलँड या अनुभवी माणसाला आणलं आणि १९०२ मध्ये फोर्ड बाहेर पडला. त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली.

फोर्डला धडा मिळाला: पाटीवर नाव कोणाचंही असो, चालतं ते शेअरवाल्यांचं.

कोर्टात गेलेला नफा

१९०३ मध्ये तिसरी कंपनी आली, फोर्ड मोटर. तिच्यात त्याचा वाटा फक्त २५.५ टक्के. तितकाच वाटा असलेला कोळसा व्यापारी माल्कमसन महागड्या गाड्यांच्या बाजूचा, तर फोर्डला सगळ्यांना परवडणारी गाडी हवी. १९०६ मध्ये फोर्डने त्याचे शेअर विकत घेतले आणि निम्म्याहून जास्त मालकी मिळवली. १९०८ मध्ये मॉडेल टी आली, १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन. गाडी स्वस्त होत गेली.

१९१६ मध्ये कंपनीकडे पैशांचा ढीग होता. फोर्डने ठरवलं, आता खास लाभांश बंद; पैसे नव्या कारखान्यात आणि किंमत कमी करण्यात घालायचे. १० टक्के वाटा असलेले डॉज बंधू चिडले. ते आता स्वतःची गाडी बनवत होते आणि त्यासाठी त्यांना पैसा हवा होता. ते कोर्टात गेले.

१९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १.९ कोटी डॉलर लाभांश वाटायला लावला. पण कारखाना वाढवायला मात्र अडवलं नाही. धंदा कसा चालवायचा हे संचालकांनी ठरवावं, अशी भूमिका घेतली. कंपनी नक्की कोणासाठी चालवायची, या वादात हा खटला आजही शिकवला जातो.

मला विचाराल तर गाडी स्वस्त करण्यात फोर्ड बरोबर होता. चुकलं ते पुढे.

मग सगळंच त्याचं

निकालाच्या थोडं आधी त्याने अध्यक्षपद सोडून मुलगा एड्सेलला बसवलं आणि निकालानंतर नवीन, आणखी स्वस्त गाडीची कंपनी काढणार अशी हवा उडवली. शेअरवाले घाबरले. त्याच वर्षी फोर्डने सुमारे १०.६ कोटी डॉलर देऊन सगळ्यांचे शेअर घेतले. कंपनी आता फक्त फोर्ड कुटुंबाची.

आम्हा प्रोग्रामर लोकांत कोड रिव्ह्यू असतो. माणूस कितीही सीनियर असो, त्याचा कोड दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. बोर्डाचं काम साधारण तेच. फोर्डने रिव्ह्यूच बंद केला.

परिणाम? स्वतःच्या वर्तमानपत्रातून त्याने ज्यूंविरुद्ध विष पसरवलं आणि गाड्यांच्या डीलर्सनाही ते खपवायला लावलं. १९२६ मध्ये अर्नेस्ट कॅन्झलर या अधिकाऱ्याने सहा पानं लिहून कळवलं की मॉडेल टी जुनी झालीय. काही महिन्यांत त्याला कंपनी सोडावी लागली. १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावीच लागली, कारखाने काही महिने ठप्प झाले आणि जनरल मोटर्स पुढे निघून गेली.

एड्सेल नावाला अध्यक्ष. त्याचे निर्णय बाप फिरवायचा. १९४३ मध्ये तो ४९ व्या वर्षी कॅन्सरने गेला आणि ऐंशीला टेकलेला हेन्री पुन्हा खुर्चीत बसला. कंपनी डळमळत होती. शेवटी १९४५ मध्ये घरच्यांनीच त्याला थांबवलं. एड्सेलच्या विधवेने, एलेनॉरने, आपले शेअर विकून टाकण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे २८ वर्षांच्या नातवाकडे सूत्रं आली. १९४७ मध्ये हेन्री फोर्ड वारला.

बघा, इतक्या वर्षांनी त्याला ‘नाही’ म्हणू शकली ती शेअर हातात असलेली सून.

१९५६ मध्ये फोर्डचे शेअर सामान्य लोकांसाठी खुले झाले, पण कुटुंबाने खास शेअर ठेवून ४० टक्के मतं राखली. म्हणजे मेटाची युक्ती नवी नाही. आता अ‍ॅपवरून एखाद्या कंपनीचा शेअर घ्याल, तेव्हा भावाबरोबर एवढंही तपासा: तिथल्या बॉसला अडवण्याइतकी मतं दुसऱ्या कोणाकडे आहेत का?